गिंपमध्ये चेंडू गोल आणि भरीव दिसण्यासाठी

गिंप या चित्र-संपादनाच्या संगणक प्रणालीत नव्या पारदर्शक लेयरवर (चित्राच्या स्वतंत्र थरावर) लंबवर्तुळ निवडीच्या साधनाने, ओढताना शिफ्ट दाबून धरून, वर्तुळ निवडावे आणि ग्रेडियंटचा (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटांच्या साधनाचा) आकार 'रेडियल', म्हणजे एका बिंदूपासून सर्व बाजूंना पसरणारा, ठेवावा. ग्रेडियंट वर्तुळाच्या मध्यापासून ओढल्यास प्रकाश कुठून येतो हे कळत नाही. म्हणून तो वरून डावीकडून येतो असे धरून त्या बाजूच्या एका बिंदूपासून सुरुवात करावी आणि समोरच्या कडेच्या थोडे पुढे थांबावे. तांबड्या चेंडूसाठी फिकट नारिंगीपासून गडद किरमिजीपर्यंतचे रंग घ्यावेत, कारण शुद्ध काळ्याने छायेचा भाग मळकट होतो (ही चूक बहुतेकांच्या हातून एकदा तरी होतेच). खरी परीक्षा खालच्या कडेला असते: जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश तिथे पोहोचत असल्याने सर्वांत गडद पट्टा अगदी कडेला नसून किंचित आत असतो, तेव्हा निवड कायम ठेवून मऊ ब्रशने, सुमारे १५ टक्के अपारदर्शकतेत, जमिनीचाच रंग त्या कडेवरून हलकेच फिरवावा. जमिनीवरची सावली खालच्या वेगळ्या लेयरवर चपट्या लंबवर्तुळात, उजवीकडे सरकवून भरावी, निवड काढून टाकावी आणि मगच गॉशियन ब्लर (कडा धूसर करणारा फिल्टर) द्यावा. चेंडू जिथे टेकतो तिथे मात्र एक लहान, अधिक गडद आणि कमी धूसर डाग हवाच, नाहीतर चेंडू हवेत तरंगताना दिसतो.