1922 च्या मोटारीतलं प्रेमपत्र लिहायचंय? आधी पेट्रोल मोजा

दिवाळी अंकासाठी, अभिवाचनासाठी जुन्या काळची पत्रं रचणारे पुष्कळ आहेत. नायक बेळगावचा, ती पुण्याला, आणि तो तिला आंबोली घाटातली मोटारीची सफर कळवतोय. कल्पना छान, पण तिसऱ्या ओळीत नायक ‘गिअर टाकतो’ आणि जाणकार वाचक तिथंच अंक मिटतो.

गाडी फोर्डची मॉडेल टी घ्या. हिला गिअरची दांडी नाही. पायाशी तीन पेडल. डावं पूर्ण दाबलं की लो (संथ, पण ताकदीचा गिअर), अर्ध्यावर न्यूट्रल, सोडलं की हाय (वेगाचा). मधलं रिव्हर्स, उजवं ब्रेक. पेट्रोल कमीजास्त करायचं ते हातानं, स्टिअरिंगखालच्या कांडीवर. दुसरी कांडी इंजिनातल्या ठिणगीची वेळ मागंपुढं करायची. लो हवा तेवढा वेळ डावा पाय दाबूनच धरायचा, सैल सोडला की गाडी हायमध्ये जाते आणि चढावर इंजिन बंद पडतं. घाट चढून आलेल्या माणसाच्या पोटरीत गोळा आलेला असतो. हे वाक्य पत्रात हवंच.

गाडी सुरू करण्याचा क्रम चुकवू नका. हातब्रेक ओढलेला. ठिणगीची कांडी वर, म्हणजे ठिणगी उशिरा. पेट्रोलची कांडी चार-पाच खाचा खाली. स्विच चालू. मग रेडिएटरजवळची चोकची तार ओढून हँडल खालून वर, डाव्या हातानं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. ठिणगी लवकर राहिली तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. नायकाला जायबंदी करायचंच असेल तर ते इथं करा, दरीत पाडू नका.

आता हिशेब. बेळगाव ते सावंतवाडी सुमारे 60 मैल. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, दाणोली. गॅलनला 20 मैल धरले तर जाऊन-येऊन 6 गॅलन. टाकी साधारण 8 गॅलनची, पेट्रोल दोन-दोन गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून. टाकी पुढच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर बसलेल्यांनी उठायचं, गादी काढायची आणि लाकडी पट्टी बुडवून किती उरलंय ते बघायचं. काटा-बिटा काही नाही.

पेट्रोलला पंपही नाही. टाकीतून कार्बोरेटरकडे ते आपल्या वजनानं उतरतं. चढावर गाडीचं नाक वर होतं, कार्बोरेटर उंचावतो, आणि टाकीत थोडंच असेल तर पेट्रोल पोचत नाही. भरल्या टाकीला हे होत नाही. म्हणून गाडी घाटात अडकवायची असेल तर बेळगावात तीनच डबे ओतवा, वाटेत कुठं भरू नका. परतीला घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीशी पोचेपर्यंत 70 मैल झालेले, टाकीत जेमतेम अडीच गॅलन. इंजिन फुरफुरून बंद पडायला जागा हीच. उपाय: गाडी फिरवायची आणि रिव्हर्समध्ये चढायची. टाकी वरच्या बाजूला येते, शिवाय रिव्हर्सची ताकद लोपेक्षा जास्त. सोबत्याला मागं तोंड करून उभं करा. वळण तो सांगेल, नायकाचं सगळं लक्ष मधल्या पेडलवर.

पाणी उकळतंच. रेडिएटरलाही पंप नाही, गरम पाणी वर आणि गार खाली, एवढ्यावरच सगळं चालतं. थांबायचं, निवू द्यायचं, मग पाणी घालायचं. तापल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी ओतलं तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

उतारावरचा धोका वेगळा. पायाचा ब्रेक चाकांवर नाही, गिअरपेटीतल्या सुती पट्टीवर. सतत दाबला तर पट्टी जळते आणि कापूस करपल्याचा वास येतो. म्हणून लो आणि ब्रेक आलटून पालटून, थोडाथोडा. हातब्रेक तेवढा मागच्या चाकांवर.

पावसाळा घेणार असाल तर बिघाड ठिणगीचा ठेवा. ठिणगी पाडणाऱ्या चार कॉइली लाकडी पेट्यांत असतात. आंबोलीच्या दमट हवेत लाकूड ओल धरतं आणि एखादा सिलिंडर गप्प होतो. कॉइलींची एरवीची एकसुरी गुणगुण तुटते. पेट्या काढून पुसायच्या, चुलीपासून हातभर लांब सुकवायच्या. जवळ ठेवल्या तर आतलं डांबर वितळतं.

एक चूक आपल्याकडच्या लेखकांकडून हमखास होते: शिनोळीला ‘सीमा ओलांडली’ असं लिहून जातात. शिनोळी ज्यात येतं ते चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होतं, ते वेगळं झालं 1956 ला. 1922 ची हद्द लागेल ती सावंतवाडी संस्थानाची. आणि अंतर मैलांत. किलोमीटर दिसला की गेलं.

पत्र बाळबोध लिपीत लिहा. मोडी तिला येत असेलच असं नाही. लग्न ठरलेलं असलं तरी टपाल आधी वडीलधाऱ्यांच्या हाती पडणार, म्हणून प्रेम उघड नको. ‘तेथे असतीस तर पट्टी बुडवून पेट्रोल तूच पाहिले असतेस’ इतपत पुरे. एप्रिल 1922 नंतरचं पत्र असेल तर पाकिटावर एक आण्याचं तिकीट दाखवा; त्याआधी अर्ध्या आण्यात भागायचं.