वाचनालयातलं मोफत व्याख्यान: विषय ठरवण्यापासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत

व्याख्यान कुठेही ठेवता येतं. ते वाचनालयात ठेवायचं कारण असं की ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, तेव्हा त्या प्रश्नाची पुस्तकं त्याच्यापासून दहा पावलांवर असतात. म्हणून आखणी उलटीकडून करा. श्रोता उठल्यावर कोणत्या कपाटाकडे जाणार, हे आधी ठरवा. त्या कपाटात द्यायला चार चांगली पुस्तकं नसतील तर आधी पुस्तकं मागवा, तारीख नंतर ठरवा.

विषय आणि वक्ता

‘बागकाम’ या विषयावर तासाभरात कोणालाच धड काही सांगता येत नाही. ‘कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी का पडतात?’ यावर येतं. ‘चित्रकलेची ओळख’ ठेवण्यापेक्षा एकच चित्र घेऊन ते तासभर पाहा. ‘वृद्धांच्या समस्या’ फार पसरट आहे; ‘घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर काळजी घेणाऱ्याने स्वतःला कसं सांभाळावं?’ म्हटलं की ज्याला गरज आहे तो नेमका येतो. शीर्षक प्रश्नाच्या रूपात लिहिता येत नसेल तर विषय अजून आवळायला हवा.

असे प्रश्न देवघेव काउंटरवरच मिळतात. महिनाभर तिथे एक वही ठेवा आणि लोक काय विचारतात, कोणत्या पुस्तकांसाठी नंबर लावतात, ते कर्मचाऱ्यांना टिपायला सांगा. समितीच्या बैठकीत सुचलेल्या विषयांपेक्षा या वहीतले विषय जास्त चालतात.

वक्त्याला बोलावताना एका पानाचं पत्र द्या, तोंडी ठरवू नका. विषय, श्रोते साधारण कोण असतील, बोलायला किती मिनिटं, कोणती साधनं मिळतील, ध्वनिमुद्रण होणार का, मानधन आणि प्रवासखर्च किती, हे सगळं त्यात असू द्या. श्रोत्यांना मोफत म्हणजे वक्त्यालाही फुकट, असं गृहीत धरू नका. त्याच पत्रात स्पष्ट लिहा: कार्यक्रमात विक्री करायची नाही आणि श्रोत्यांचे फोन नंबर गोळा करायचे नाहीत. बागकाम, आरोग्य आणि पैशांच्या विषयांत ही अट नसली की शेवटची दहा मिनिटं जाहिरातीत जातात आणि लोक पुढच्या कार्यक्रमाला येत नाहीत.

वेळ

एकूण ७५ मिनिटं पुरतात: ५ मिनिटं प्रास्ताविक, ४० मिनिटं व्याख्यान, २५ मिनिटं प्रश्नोत्तरं आणि ५ मिनिटं पुस्तकांच्या टेबलाची ओळख. त्यानंतर देवघेव काउंटर किमान अर्धा तास उघडा राहायलाच हवा. कार्यक्रम संपला आणि दिवे मालवले, तर इतकी मेहनत वाचनालयात करण्यात अर्थ उरत नाही. बागकामाचं व्याख्यान प्रत्यक्ष कामाच्या दोन-तीन आठवडे आधी ठेवा. पेरणीचे दिवस सरल्यावर पेरणीबद्दल ऐकलं तर वर्षभरात विसरायला होतं.

मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा, कधी निम्मेही, येत नाहीत. ४० खुर्च्या असतील तर ५५ नावं घ्या, आदल्या दिवशी आठवण करा आणि दहाएक खुर्च्या दुमडून कडेला ठेवा. भरलेल्या ३० खुर्च्यांसमोर वक्ता खुलतो. ६० खुर्च्यांत विखुरलेले ३० लोक त्याला कमी वाटतात.

पडदा आणि आवाज

पडद्याची खालची कड जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर हवी, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको: पडदा १.५ मीटर उंच असेल तर ९ मीटरच्या आत. स्लाइडवरचं अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको. चाकाच्या खुर्चीसाठी जागा पुढे आणि मध्ये ठेवा, मागच्या कोपऱ्यात नको. वाट किमान ९० सेंटीमीटर रुंद सोडा.

माइक शिट्टी मारतो तेव्हा बहुतेकदा स्पीकर माइकच्या मागे असतो. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि हे चक्र चालूच राहतं. स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. माइक तोंडापासून मूठभर अंतरावर धरायला सांगा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि माणसं भरली की तो शोषला जातो, म्हणून पहिल्या दोन मिनिटांत एकाने मागच्या रांगेत उभं राहून खूण करावी. श्रोत्याचा प्रश्न सूत्रसंचालकाने माइकवर पुन्हा सांगावा. एवढं चुकलं तरी निम्म्या खोलीला उत्तर कळतं, पण कशाचं ते कळत नाही.

कलेच्या विषयाला

प्रोजेक्टर चित्राशी खोटं बोलतो. ‘ब्राइट’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमध्ये पांढऱ्यावर हिरवट झाक येते. ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ मोड लावा आणि खोली शक्य तितकी अंधारी करा. पहिल्या स्लाइडवर एक वर्तुळ टाकून पाहा. ते लंबवर्तुळ दिसलं तर चित्रातली माणसंही ताणली जाणार आहेत. प्रोजेक्टर तिरका ठेवला असेल तर चौकट एका बाजूला रुंद होते. आधी तो सरळ करा, दुरुस्तीचं बटण नंतर.

पडद्यावर आकार हरवतो, आणि हे नुकसान रंगाच्या नुकसानापेक्षा मोठं आहे. लिओनार्दोची मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटरची. पिकासोचं गेर्निका सुमारे साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब. स्लाइडवर दोन्ही एकाच मापाची दिसतात. यावर उपाय साधा आहे: मोनालिसाच्या मापाचा कागद कापून भिंतीला लावा आणि दुसऱ्या भिंतीवर पावणेआठ मीटर दोरी ताणा. श्रोते आत येतानाच विचारतील की ही दोरी कशासाठी. भिंत पुरली नाही तर दोरी कोपऱ्यातून पुढे वळवा. मग तर सांगायची गरजच नाही.

चित्रांच्या प्रती कुठून घ्यायच्या? न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींची छायाचित्रं विनाअट वापरायला खुली केली आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमकडेही उत्तम दर्जाच्या प्रती मोफत मिळतात. जाहिरातफलकावर चित्र छापायचं असेल किंवा व्याख्यान चित्रित करून ठेवायचं असेल तर हक्क तपासा. अनेक देशांत ते कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतात, आणि पिकासो १९७३ साली गेले.

बागकामाला

ओली माती आणि पुस्तकं एका खोलीत असतात, तेव्हा थोडी शिस्त लागते. प्रात्यक्षिकाचं टेबल कपाटांपासून दूर, खाली २ बाय ३ मीटरचं प्लास्टिक, कडा वर दुमडलेल्या. कुंडीत भरायचं मिश्रण आधीच ओलावून आणा: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा. कोरडं आणलं तर धूळ उडते आणि पुस्तकांवर बसते. लोक रोगट पानं दाखवायला आणतात आणि त्यांनी ती आणावीतच, पण पारदर्शक, बंद पिशवीत. पिशवी उघडायची नाही, नाहीतर पिठ्या ढेकूण खिडकीतल्या कुंड्यांवर मुक्काम करतो.

टेबलावरचं काम तिसऱ्या रांगेच्या मागे दिसत नाही. स्टँडवर मोबाइल उलटा बांधून हातांचं दृश्य पडद्यावर टाका.

एक प्रात्यक्षिक हमखास चालतं. आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. टपटप थांबू द्या. आता न दाबता तो लांब कडेवर उभा करा: पुन्हा पाणी गळू लागतं. ते थांबलं की आखूड कडेवर उभा करा; आणखी गळतं. स्पंज तोच आहे. तळाशी एक थर पाणी धरून ठेवतो आणि त्या थराची जाडी साधारण सारखीच राहते. आडव्या स्पंजात तो थर जवळपास सगळा स्पंज व्यापतो, उभ्या स्पंजात फक्त खालचा भाग. कुंडीतही हेच होतं. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडे घातले की मातीची उंची कमी होते आणि ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. खड्यांपेक्षा तळाला भोक आणि भुसभुशीत मिश्रण हवं, हे मग कोणाला पटवावं लागत नाही. स्पंजखालची ताटली मात्र खोल घ्या.

सामाजिक विषयाला

इथे सगळा भार सूत्रसंचालकावर असतो. माइक त्याने स्वतः धरावा, श्रोत्याच्या हाती देऊ नये. हातात माइक आला की प्रश्नाचं भाषण होतं. एकाला एक प्रश्न आणि अर्धं मिनिट, हा नियम सुरुवातीलाच सांगावा. सोबत कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली वाटाव्यात, कारण सर्वांत गरजेचा प्रश्न असलेला माणूस बहुतेकदा हात वर करत नाही.

‘काही प्रश्न?’ म्हटल्यावर शांतता पसरली तर घाबरून आभार मानू नका. शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायला सांगा, मग हात वर येतात. कोणी भर सभेत स्वतःचं दुःख सांगू लागलं तर ते ऐकून घ्या, इतरांना त्यावर सल्ले किंवा उलटतपासणी करू देऊ नका, आणि नंतर बाजूला बोलायला एक खोली व एक माणूस तयार ठेवा. छायाचित्रं विचारल्याशिवाय काढू नका. मदतक्रमांक वाटणार असाल तर आदल्या दिवशी प्रत्येक क्रमांक लावून पाहा. बंद क्रमांक संकटातल्या माणसाला अजून एकटं पाडतो.

वादाचा विषय म्हणून तो टाळावा का? टाळू नये. इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा १९९४चा, २०२२मध्ये सुधारलेला. वैचारिक, राजकीय किंवा धार्मिक सेन्सॉरशिप आणि व्यापारी दबाव यांपासून ग्रंथालयाच्या सेवा मुक्त असाव्यात, असं तो सांगतो. तक्रार आली तर हाच आधार दाखवा, आणि टेबलावर एकाच बाजूची पुस्तकं मांडू नका.

टेबल

वीस-पंचवीस पुस्तकं, मुखपृष्ठ समोर, बाहेर पडण्याच्या दाराजवळ. आत येताना लोकांना जागा पकडायची घाई असते, तेव्हा कोणी पाहत नाही. सोबत वाचनखूण द्या: सहा-सात शीर्षकं आणि त्यांचे वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावरचे विषयाचे आकडे. ड्यूई पद्धत असेल तर बागकाम ६३५, चित्रकलेचा इतिहास ७५९, समाजकल्याणाचे प्रश्न ३६२. आकडा हातात असला की माणूस एकटाच कपाटापर्यंत जातो. सदस्यत्वाचे अर्ज आणि ते भरून घेणारा माणूसही इथेच हवा.

डोकी मोजाच, पण त्या संध्याकाळी आणि पुढच्या पंधरा दिवसांत टेबलावरची किती पुस्तकं बाहेर गेली, तेही लिहून ठेवा. पुढचा विषय ठरवताना दुसरा आकडा जास्त उपयोगी पडतो. वेळेअभावी राहिलेल्या चिठ्ठ्या वक्त्याकडे पाठवा आणि उत्तरं आली की त्या पुस्तकांच्या कपाटाशेजारच्या फलकावर लावा.