गुरांच्या क्षयरोगाची चाचणी : या चुका टाळा

गुरांना क्षयरोग होतो तो प्रामुख्याने मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या जिवाणूमुळे. जिवंत जनावरात मात्र आपण सहसा जिवाणू शोधत नाही. जनावराच्या प्रतिकारशक्तीला तो ओळखीचा झाला आहे का, हे पाहतो. एवढं लक्षात न घेतल्यानेच बरेचसे निकाल फसतात.

खंगलेली गाय निगेटिव्ह आली म्हणून तिला निरोगी मानणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. संसर्गानंतर आधी पेशींचा प्रतिकार जागा होतो. टी पेशी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात आणि ट्युबरक्युलिन (क्षयरोगाच्या जिवाणूपासून काढलेली प्रथिनं) टोचल्यावर कातडी सुजते, ती याच प्रतिकारामुळे. रोग बळावला की हा प्रतिकार अनेकदा मंदावतो आणि रक्तातली प्रतिपिंडं (जिवाणूविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं) वाढतात. म्हणजे जिवाणू पसरवणारं जनावरच कातडीच्या चाचणीतून सुटू शकतं! खोकणारी, वाळत चाललेली गाय निगेटिव्ह आली, तर प्रतिपिंडांची चाचणीही करा. संसर्ग अगदी ताजा असेल, गाय नुकतीच व्यायली असेल किंवा तिला डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड दिलं असेल, तरीही सूज कमी येऊ शकते. म्हणून ही माहिती निकालाशेजारी लिहिलेली हवी.

सूज नजरेने ठरवणं

मानेवर टोचण्याआधी तिथले केस कापून कातडीची जाडी कॅलिपरने मोजा. 72 तासांनी शक्यतो त्याच माणसाने ती पुन्हा मोजावी. 0.1 मिली ट्युबरक्युलिन कातडीच्या थरातच जायला हवा. तसा गेला की बोटाला बारीक उंचवटा लागतो. उंचवटा लागला नाही, तर त्या निकालावर भरवसा ठेवू नका.

एकाच ट्युबरक्युलिनवर विसंबणं

माती-पाण्यातल्या निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांमुळे आणि जोन्स रोगाच्या (गुरांच्या आतड्यांचा एक रोग) जिवाणूमुळेही सूज येऊ शकते. त्यासाठीच तुलनात्मक चाचणीत एव्हियन (पक्ष्यांच्या क्षयरोगाच्या जिवाणूचं) ट्युबरक्युलिनही वेगळ्या जागी टोचतात. बोव्हाइन (गुरांच्या क्षयरोगाच्या जिवाणूच्या) ट्युबरक्युलिनची सूज एव्हियनपेक्षा 4 मिमीहून जास्त असेल, तर नेहमीच्या निकषाने जनावर पॉझिटिव्ह धरतात.

रक्त फ्रीजमध्ये ठेवणं

इतर नमुन्यांच्या सवयीने हे हमखास घडतं. इंटरफेरॉन गॅमाच्या चाचणीत रक्तातल्या पेशींना प्रतिजन (जिवाणूची प्रथिनं) देऊन त्या काय करतात ते बघायचं असतं, म्हणून पेशी जिवंत हव्यात. रक्त हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत घ्या, खोलीच्या तापमानाला ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा. तिथे पेशींना जोरदार उत्तेजक देऊनही प्रतिसाद आला नाही, तर तो निकाल निगेटिव्ह समजू नका. नमुनाच बाद धरा. जनावराला बीसीजी ही क्षयरोगाची लस दिलेली असेल, तर ईसॅट-6 आणि सीएफपी-10 हे प्रतिजन वापरणारी चाचणी मागा. ही प्रथिनं बीसीजीमध्ये नसतात, त्यामुळे लस आणि संसर्ग वेगळे ओळखता येतात.

शंका आली की लगेच पुन्हा टोचणं

एकदा ट्युबरक्युलिन दिलं की काही काळ कातडीची प्रतिक्रिया बोथट होते. किमान 42 दिवस थांबा. काही देशांचा नियम 60 दिवसांचा आहे.

शवविच्छेदनात गाठी दिसल्या नाहीत म्हणून चाचणीला खोटं ठरवणं

सुरुवातीच्या संसर्गात गाठी डोळ्यांना दिसतीलच असं नाही. डोकं आणि छातीतल्या लसिका ग्रंथी बारीक काप देऊन तपासा आणि नमुने कल्चरला (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहायला) पाठवा. हा जिवाणू फार सावकाश वाढतो, निकालाला कित्येक आठवडे लागतात. तोवर त्या कळपातलं जनावर दुसरीकडे हलवू नका आणि दूध उकळल्याशिवाय कुणालाही देऊ नका.