जुलैतल्या युरोपीय सामन्यांची तयारी मेपासून

युरोपीय फुटबॉल क्लबांची उन्हाळी स्पर्धा म्हटलं की जुन्या मंडळींना इंटरटोटो चषक आठवतो. तो १९६१ साली सुरू झाला, १९९५ पासून यूएफाने, म्हणजे युरोपीय फुटबॉलच्या संघटनेने, चालवला आणि २००८ नंतर बंद झाला. आता जुलैत कॉन्फरन्स लीगच्या, म्हणजे यूएफाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेच्या, पात्रता फेऱ्या असतात. अडचण मात्र तीच राहिली आहे. खेळाडू सुट्टीवरून परततात त्याच महिन्यात दोन सामन्यांची बाद फेरी खेळावी लागते.

पहिल्यांदा करार तपासा. युरोपातले बरेच करार ३० जूनला संपतात. मेमध्ये ज्याच्या जिवावर पात्रता मिळवली तो बचावपटू पहिल्या सामन्याला क्लबचा उरलेलाच नसतो, आणि त्याच्या जागी आणलेल्याची नोंदणी अडकलेली असते. म्हणून मेअखेर प्रत्येक जागेसाठी दोन नावं लिहून काढा आणि त्यांपैकी कोणाचा करार जुलैतही चालू आहे यावर खूण करा. नव्या खेळाडूची कागदपत्रं यूएफाच्या नोंदणीच्या मुदतीआधी पोचली तरच तो कामाचा.

मैदानाकडे दुर्लक्ष फार महागात पडतं. हंगाम संपताच वरचा थर खरवडून रायग्रास या गवताचं बी पेरलं जातं. ते आठ-दहा दिवसांत उगवतं, पण मुळं धरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी खेळवलं तर गवताचे गोळेच्या गोळे उखडतात आणि पायही मुरगळतात. पेरणी मेच्या मध्याला उरकता येत नसेल, तर यंदा फक्त विरळ भागांत बी टाका किंवा दुसरं मैदान आत्ताच ठरवा. जूनमध्ये स्टेडियम गाण्याच्या कार्यक्रमाला देऊ नका.

शारीरिक तयारीचं गणित पहिल्या सामन्यापासून उलटं मांडा. सामना दहा जुलैच्या आसपास असेल तर सराव जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू व्हायला हवा. म्हणजे सुट्टी तीन-चार आठवड्यांचीच, आणि तीतही आठवड्यातून तीनदा हलकं धावणं. पहिल्या दहा दिवसांत पूर्ण वेगाच्या धावा हळूहळू वाढवा. त्या अजिबात टाळल्या तर पहिल्याच खऱ्या सामन्यात हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) जातं, एकदम लादल्या तर सरावातच. सराव सामने किमान तीन हवेत: ४५, मग ६०, मग ९० मिनिटांचे. नॉर्वे, स्वीडन, आइसलंड, आयर्लंड इथल्या लीग वसंतात सुरू होतात, त्यामुळे तिथला प्रतिस्पर्धी जुलैत ऐन भरात असतो. अशा संघासमोर पहिली वीस मिनिटं घाईने दाबायला जाऊ नका, सत्तराव्या मिनिटाला पाय जड होतात. पाच बदली खेळाडू मिळतात. त्यांतले दोन जादा वेळेसाठी राखा. एकूण गोल सारखे झाले तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा जिंकण्याचा नियम २०२१ मध्ये गेल्यामुळे एकूण बरोबरी झाली की ३० मिनिटं जादा आणि मग पेनल्टी.

प्रवासात कृत्रिम मैदानाची चौकशी आधी करा. फेरो बेटं आणि आइसलंडमध्ये ती सर्रास आहेत. आखूड, जास्त खिळ्यांचे बूट प्रत्येकाला द्या आणि ते पायात रुळावेत म्हणून त्यांवर निदान दोन सरावसत्रं घ्या. रंग जुळण्याची शक्यता धरून दुसरा पोशाख घ्या, गोलकीपरचाही. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंचे व्हिसा ड्रॉ (प्रतिस्पर्धी ठरवणारी सोडत) निघाल्याच्या दिवशीच पाहा, कारण सामन्याआधी हातात फार थोडे दिवस असतात. उन्हात सामन्याआधी आणि नंतर वजन घ्या. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सुमारे दीड लिटर द्रव, त्यात मीठही.

आणि संघ पूर्ण ताकदीचा उतरवा. १९९५ साली इंग्लंडच्या टॉटनहॅमने इंटरटोटोत दुय्यम संघ पाठवला आणि जर्मनीच्या कोलोनकडून ८-० असा मार खाल्ला. त्याच वर्षी फ्रान्सचा बोर्दो याच स्पर्धेतून पुढे गेला आणि झिदानसह थेट यूएफा चषकाच्या (आताची युरोपा लीग) अंतिम फेरीत पोचला.