रेडिओ शोसाठी नवं डबस्टेप आणि टेक्नो कसं शोधायचं

डबस्टेप आणि टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या दोन प्रकारांच्या दोन तासांच्या शोला साधारण २८ ते ३० ट्रॅक लागतात. मिक्समध्ये डबस्टेपचा ट्रॅक तीन-साडेतीन मिनिटं वाजतो, टेक्नोचा पाच-सहा. अर्धा-अर्धा शो असेल तर १७ डबस्टेप आणि ११ टेक्नो धरा. त्यातले निम्मे तरी गेल्या दोन महिन्यांतले असावेत. शो दर आठवड्याला असेल तर आठवड्याला १५ नवे ट्रॅक, आणि हाती लागण्यासारखे १५ मिळवायचे तर शंभरेक ऐकावेच लागतात.

हे काम स्ट्रीमिंग ॲपच्या शिफारशींवर सोडू नका. त्या शिफारशी पुष्कळांनी पुष्कळदा काय ऐकलं यावरून बनतात. ३०० प्रतींची बारा इंची तबकडी काढणारं लेबल (रेकॉर्ड प्रकाशित करणारी छोटी कंपनी) त्यात क्वचितच वर येतं, आणि या दोन्ही प्रकारांतलं बरंचसं उत्तम काम अशाच लेबलांवर होतं. म्हणून माणसांच्या मागे जा: दुकानदार, लेबलवाले, मास्टरिंग इंजिनिअर (ट्रॅकच्या आवाजावर शेवटचा हात फिरवणारे) आणि पदरचे पैसे घालून रेकॉर्ड घेणारे श्रोते.

टॅग नीट निवडा

‘डबस्टेप’ एवढंच शोधलं तर दोन वेगवेगळी संगीतं एकत्र समोर येतात. एक दक्षिण लंडनचं. क्रॉयडनमधल्या बिग ॲपल रेकॉर्ड्स या दुकानाच्या आसपास आणि पुढे एफडब्ल्यूडी व डीएमझी या क्लब-नाइट्समध्ये वाढलेलं: १४० बीपीएम (मिनिटाला १४० ठोके), निम्म्या वेगाचे भासणारे हाफ-टाइम ड्रम, खूप खालचा सब-बेस आणि भरपूर मोकळी जागा. दुसरं २०१० च्या सुमारास अमेरिकेत फोफावलेलं, मधल्या फ्रिक्वेन्सीत किंचाळणाऱ्या बेसचं. पहिलं हवं असेल तर डीजेंना ट्रॅक विकणाऱ्या बीटपोर्ट या साइटवर ‘१४० / डीप डबस्टेप / ग्राइम’ हा विभाग उघडा आणि कलाकार आणि लेबलं थेट संगीत विकतात त्या बँडकॅम्पवर ‘१४०’ किंवा ‘डीप डबस्टेप’ हे टॅग वापरा. टेक्नोचेही बीटपोर्टवर मुख्य दोन विभाग आहेत. ‘पीक टाइम / ड्रायव्हिंग’मधले बरेच ट्रॅक मोठ्या हॉलसाठी बांधलेले असतात आणि रेडिओवर लवकर थकवतात. ‘रॉ / डीप / हिप्नॉटिक’पासून सुरुवात करा.

दुकानांची नवी आवक

आठवड्यातला एक वार ठरवा आणि त्या दिवशी चार-पाच दुकानांचं ‘नवी आवक’ पान शेवटपर्यंत पाहा. बर्लिनचं हार्ड वॅक्स १९८९ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक रेकॉर्डबद्दल जेमतेम एक ओळ लिहिलेली असते, पण ती ओळ रेकॉर्ड ऐकलेल्या माणसाची असते. टेक्नो आणि डब टेक्नोसाठी पहिलं पान हेच. रॉटरडॅमचं क्लोन टेक्नो आणि इलेक्ट्रोसाठी, इप्सविचचं रेडआय आणि १४० वर भर असलेलं अनअर्थ्ड साउंड्स डबस्टेपसाठी, मँचेस्टरचं बूमकॅट या सगळ्यांच्या सीमेवरच्या विचित्र रेकॉर्ड्ससाठी.

दुकानाच्या साइटवरची नमुन्याची क्लिप मिनिट-दोन मिनिटांची असते आणि तिथेच चूक होते. १४० बीपीएमला ३२ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) इंट्रो सुमारे ५५ सेकंदांचा होतो. क्लिप सुरुवातीपासून कापलेली असेल तर ड्रॉप (बेस आणि ड्रम पूर्ण जोराने सुरू होतात ती जागा) येईतो ती संपत आलेली असते आणि चांगला ट्रॅक उगाच बाद होतो. टेक्नोत हा धोका आणखी मोठा: १३२ बीपीएमला ६४ बार म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं, आणि अनेक ट्रॅक तेवढ्या वेळात फक्त एका हाय-हॅटचा (झांजेचा) आवाज उघडतात. क्लिपवरून ट्रॅक बाद करू नका. लेबल आणि कलाकाराचं नाव टिपून पूर्ण ट्रॅक शोधा.

बँडकॅम्पवरचे खरेदीदार

सगळ्यांत जास्त फळ देणारी वाट ही. तुम्हाला मनापासून आवडलेलं, पण फारसं गाजलेलं नसलेलं एक रेकॉर्ड उघडा. त्या पानावर ते विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं असतात. एकेकावर क्लिक करून त्यांचा संग्रह पाहा. तुमच्याकडच्या पाच-सहा फारशा न गाजलेल्या रेकॉर्ड्स ज्याच्याकडेही आहेत त्याला फॉलो करा; त्याची पुढची प्रत्येक खरेदी तुमच्या फीडमध्ये येईल. असे १५-२० खरेदीदार पुरतात. शंभर जणांना फॉलो केलं की फीड वाचून होत नाही आणि मग ती कुणी उघडतही नाही.

ऐकताना आवडलेलं लगेच घेऊ नका, विशलिस्टमध्ये टाका. तीन दिवसांनी पुन्हा ऐका; तेव्हाही तितकंच आवडलं तर घ्या. बँडकॅम्प फ्रायडेला, म्हणजे साइटने जाहीर केलेल्या ठरावीक शुक्रवारी, साइट आपला वाटा सोडते आणि कलाकाराच्या हाती जास्त पैसे पडतात. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे चालतो. म्हणजे भारतात तो शुक्रवारी दुपारी, उन्हाळ्यात १२.३० ला आणि हिवाळ्यात १.३० ला, सुरू होऊन शनिवारी त्याच वेळी संपतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच सुरू करून ठेवा.

डिस्कॉग्जवर धागा पकडणं

डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या ऑनलाइन सूचीवर किंमत बघून परत फिरू नका; श्रेयनामावली वाचा. तिथे कलाकाराची इतर नावं, रीमिक्स कुणी केलं, मास्टरिंग कुठे झालं, हे सगळं क्लिक करता येतं. डबस्टेप आणि टेक्नो यांच्यामधला पूल याच पद्धतीने सापडतो. उदाहरणार्थ, शॅकलटन आणि ॲपलब्लिम या डबस्टेप निर्मात्यांचं स्कल डिस्को हे लेबल २००५ ते २००८ एवढंच चाललं, पण २००७ मध्ये रिकार्डो व्हिलालोबॉस या टेक्नोतल्या मोठ्या नावाने शॅकलटनचं रीमिक्स केलं आणि दोन्हीकडच्या डीजेंच्या बॅगेत एकच रेकॉर्ड आलं. ब्रिस्टलच्या पिंच या निर्मात्याचं लेबल टेक्टॉनिक घ्या. तिथला २५६२ हा कलाकार म्हणजे डच निर्माता डेव्ह हाउसमन्स. त्याचंच दुसरं नाव अ मेड अप साउंड, आणि त्या नावाखाली टेक्नोकडे झुकलेलं काम मिळतं. पेव्हरेलिस्ट या निर्मात्याच्या पंच ड्रंक लेबलवरून तुम्ही २०११ मध्ये सुरू झालेल्या लिव्हिटी साउंडपर्यंत येता. ते लेबल आजही नव्या कलाकारांची रेकॉर्ड्स काढतं, म्हणजे जुना धागा थेट या महिन्याच्या आवकीला येऊन मिळतो.

दुसऱ्यांचे शो ऐकताना नुसती ट्रॅकलिस्ट उतरवून तेच वाजवलं, तर तुमचा शो त्यांच्या आठवडाभर मागे चालेल. ट्रॅकलिस्टमधलं लेबल घ्या आणि त्याच लेबलचं कुणी न वाजवलेलं रेकॉर्ड ऐका. बी साइड (तबकडीची दुसरी बाजू) आधी. रिन्स, सब एफएम, एनटीएस आणि आपल्याकडचं दिल्लीचं बॉक्सआउट एफएम, एवढी स्टेशनं सुरुवातीला पुरेशी आहेत.

ऐकायचं कसं

डबस्टेप फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर निवडू नका. या ट्रॅकचा जीव ४० ते ६० हर्ट्झमध्ये असतो आणि तो भाग त्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही. बंद कपांचा हेडफोन किंवा सबवूफर लागतोच. मात्र शेवटची निवड करताना तोच ट्रॅक एकदा छोट्या स्पीकरवरही लावा, कारण तुमचे बरेच श्रोते तसेच ऐकणार आहेत. तिथे नुसता रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचा टक् आवाज) आणि शांतता उरत असेल, तर तो ट्रॅक दुसऱ्या भरगच्च ट्रॅकशेजारी ठेवा.

विनाइल वाजवताना वेग तपासा. मिनिटाला ४५ फेऱ्यांसाठी कापलेला १४० चा ट्रॅक ३३ फेऱ्यांवर लावला की तो १०४ ला येतो आणि डब (संथ जमैकन संगीत) म्हणून खपूनही जातो. लेबलवर वेग छापलेला नसला तर खोबणी संपते त्या रन-आउटजवळची कोरलेली अक्षरं आणि डिस्कॉग्जची नोंद बघा. सॉफ्टवेअर डबस्टेपचा वेग बरेचदा ७० दाखवतं. तो १४० करून घ्या, नाहीतर क्रमवारीत ते ट्रॅक हरवतात. १४० चा ट्रॅक टेक्नोच्या १३२ पर्यंत आणायला पिच (वेगाचा दांडा) ५.७ टक्के खाली घ्यावा लागतो. टर्नटेबलच्या ८ टक्क्यांत हे बसतं, पण एवढ्या फरकाने गायलेला आवाज जड होतो. म्हणून १३४ ते १३७ मधले ट्रॅक दिसले की वेगळ्या फोल्डरमध्ये जमवा. डबस्टेपच्या तासाकडून टेक्नोच्या तासाकडे नेणारे तेच.

फाइल आणि तबकडी

बँडकॅम्पवरचं स्ट्रीमिंग १२८ केबीपीएस एमपी३ असतं. वाजवायला वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक उतरवा. ऑनलाइन स्टेशन तुमचा आवाज पुन्हा दाबतं (कॉम्प्रेस करतं), आणि आधीच दाबलेली फाइल दुसऱ्यांदा दाबली की हाय-हॅट पाण्यात बुडाल्यासारखे वाजतात. कुणी ‘३२०’ म्हणून पाठवलेली फाइल फ्रिक्वेन्सींचं चित्र दाखवणाऱ्या स्पेकसारख्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. चित्र १६ किलोहर्ट्झला सरळ कापलेलं दिसलं तर ती बहुधा कमी दर्जाच्या फाइलवरून फुगवलेली आहे.

इंग्लंडहून एकच तबकडी मागवली तर टपालखर्च तिच्या किमतीच्या वर जाऊ शकतो, शिवाय कस्टम. तिघा-चौघांनी मिळून एक ऑर्डर करा आणि फक्त विनाइलवरच निघालेल्या रेकॉर्ड्सना प्राधान्य द्या. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी धरते. कागदी आतली पाकिटं बदलून प्लास्टिकचं अस्तर असलेली घाला, रेकॉर्ड्स उभ्या ठेवा आणि भिंतीला टेकवू नका.

प्रोमो

आठ-दहा शो झाले की लेबलांना प्रोमोसाठी, म्हणजे प्रकाशनाआधी डीजेंना मिळणाऱ्या ट्रॅकसाठी, लिहा. शोचं नाव, स्टेशन, वार-वेळ, शेवटच्या तीन भागांच्या लिंक आणि त्यांच्या लेबलचं तुम्ही काय वाजवलंत, एवढंच. सहा ओळींपेक्षा जास्त नको. विकत घेऊन वाजवणाऱ्याला लेबलं पटकन यादीत घेतात. प्रोमो आला की आठवड्याच्या आत खरं मत कळवा. ‘ए साइड वाजवली, बी साइड जमली नाही’ हेही चालतं, गप्प राहणं चालत नाही. अप्रकाशित ट्रॅक पुढे कुणालाही पाठवू नका. अशा काही फाइलींत कुणाला दिली ते ओळखणारी खूण असते. अशा ट्रॅकचं नाव शोमध्ये जाहीर करायचं की नाही, हे कलाकाराला विचारून घ्या.

प्रत्येक ट्रॅकची नोंद एका शीटमध्ये ठेवा: कलाकार, नाव, लेबल, कॅटलॉग क्रमांक, वर्ष, बीपीएम, कुठे सापडला, कधी वाजवला. यातला ‘कुठे सापडला’ हा रकाना टाळू नका. तीन महिन्यांनी तो रकाना क्रमाने लावला की कोणत्या दुकानातून आणि कोणत्या खरेदीदाराकडून खरोखर वाजवण्याजोगं मिळतं ते दिसतं. ज्यांच्याकडून एकही ट्रॅक आला नाही ते फीडमधून काढून टाका आणि त्यांच्या जागी नवे शोधा.