मूल पहिल्यांदा शाळेत जातंय? आईबाबांनी (आणि आजीनेही) या चुका टाळा

मुंबईत पाऊस आणि शाळा जूनमध्ये साधारण बरोबरच सुरू होतात. रेनकोट, दप्तर, डबा, पाण्याची बाटली ही खरेदी घरोघरी मे महिन्यातच उरकते. तयारी राहून जाते ती मोठ्यांच्या मनाची. मूल शाळेत जाणार याचं कौतुक, ते आपल्यापासून लांब चाललंय म्हणून येणारं रडू, आणि 'चला, दोन-तीन तास तरी मोकळे मिळतील' हा सुटकेचा श्वास, हे सगळं एकाच सकाळी एकाच माणसाला वाटत असतं. तसं वाटण्यात काहीच चूक नाही. चुका होतात त्या या गोंधळातून पटकन सुटायच्या घाईत, आणि भुर्दंड मुलाला पडतो.

गुपचूप सटकणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मूल खेळण्यात रमलं की आई मागच्या मागे पाय काढते. त्या दिवशी रडणं टळतं, निदान आईच्या डोळ्यांसमोर तरी. पण मूल मान वर करून बघतं तेव्हा आई नसते, आणि ती कधी गेली हे त्याला कळलेलंही नसतं. दुसऱ्या दिवसापासून ते खेळण्यांकडे फिरकत नाही, ओढणी घट्ट धरून बसतं. घरी तुम्ही बाथरूममध्ये गेलात तरी दाराबाहेर रडारड सुरू. नजर हटली की आई जाते, एवढंच ते यातून शिकलेलं असतं.

निरोप घ्यायचाच, पण छोटा. बूट काढले, दप्तर जागेवर ठेवलं, एक पापा, टाटा, आणि निघायचं. रोज हाच क्रम. दारातून पुन्हा वळून 'रडू नकोस हं, मम्मा आत्ता येते' असं चार वेळा सांगत बसलात तर मुलाला वाटतं, अजून थोडं रडलं तर ही थांबेल. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, क्रम मात्र पक्का कळतो. 'डबा खाऊन झाला, गाणी म्हणून झाली, की आजी न्यायला येणार' हे त्याला समजतं.

मग आजीने खरंच तेव्हा हजर असायला हवं. मुंबईत हे बोलायला सोपं आहे. लोकल रखडते, हिंदमाताला पाणी भरतं, आणि आपलं मूल सोडून वर्गातली सगळी मुलं घरी गेलेली असतात. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे न्यायला जाणारा माणूस शाळेपासून चालत पोचण्याइतक्या अंतरावर असेल, अशी सोय बघा. सोडायला कोणी जायचं हेही एकदा ठरवा. आईला चिकटून हंबरडा फोडणारं मूल कितीदा तरी बाबाला किंवा आजोबांना निमूट टाटा करतं. यात आईने अपमान वाटून घेऊ नये. ज्याचा पाय सहज निघतो त्याने सोडावं, इतकाच हिशोब.

निघूनही तिथेच घुटमळणं

खिडकीतून डोकावणं, फाटकाच्या फटीतून बघणं, दर दहा मिनिटांनी टीचरला मेसेज करणं. बहुतेक मुलांचं रडणं आईबाबा दिसेनासे झाल्यावर थोड्या वेळात ओसरतं. खिडकीत ओळखीचा चेहरा दिसला की पुन्हा पहिल्यापासून. शाळा सुटल्यावर 'रडला का?' एवढंच विचारू नका. 'किती वेळ रडला आणि कशाने थांबला?' असं विचारा. कशाने थांबला हे कळलं की दुसऱ्या दिवशी सोडताना ते कामाला येतं.

आधी बागुलबुवा, मग गोडगोड

'मस्ती केलीस तर टीचरला नाव सांगेन', 'शाळेत गेलास ना, बाई सरळ करतील' असं महिनाभर म्हणायचं आणि जूनमध्ये 'शाळेत किती मज्जा असते!' म्हणायचं. मुलं आधी ऐकलेलंच धरून ठेवतात. हे आधीच बोलून झालं असेल तर कौतुकाचा मारा करण्यापेक्षा उपयोगाच्या गोष्टी सांगा. डबा उघडला नाही तर बाई उघडून देतात. शू लागली की मावशींना सांगायचं.

आणि ते कसं सांगायचं हे आपल्याकडे खास बघावं लागतं. घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, टीचर कदाचित मराठी न बोलणाऱ्या. मूल 'शू आली' म्हणतं, समोरच्याला कळत नाही, चड्डी ओली होते, आणि शाळेची धास्ती बसते ती तिथून. मुलाचे शू, शी, पाणी, भूक यांचे घरगुती शब्द कागदावर लिहून पहिल्याच दिवशी टीचर आणि मावशी दोघींना द्या.

आपलं मन मुलाच्या डोक्यावर ठेवणं

'तुझ्याशिवाय मला करमणार कसं?' हे प्रेमाने म्हटलं जातं. मुलाला मात्र वाटतं, आपण गेलो तर आई दुःखी होणार, म्हणजे जायला नको. उलट टोकाला, डोळे भरलेले असताना ओढूनताणून हसणंही त्याला कळतं. 'मलाही तुझी आठवण येईल, दुपारी भेटू' एवढं पुरे. उरलेलं रडू स्टेशनवर, ऑफिसच्या डेस्कवर, बहिणीला फोन करून, कुठेही रडा.

सुटकेच्या भावनेबद्दल मात्र कोणी बोलत नाही. 'सुटले बाई' असं वाटलं की लगेच अपराधी वाटतं, आणि ते धुवायला फाटकावर रोज चॉकलेट येतं. आठवड्याभरात ते चॉकलेट हक्काचं होतं. त्यापेक्षा गरम चहा निवांत प्या. तसाच टीचरबद्दलचा मत्सर. 'टीचर म्हणाल्यात असंच करायचं' हे ऐकून कुठेतरी टोचतं, पण मुलासमोर टीचरला खोडून काढू नका. त्या बाईंवर त्याचा विश्वास बसतोय, ही तर चांगली बातमी आहे.

आजीचा विचार बहुतेक घरांत होतच नाही. आई-बाबा नोकरीला आणि दोन-अडीच वर्षं मूल आजीच्या कडेवर. शाळा सुरू होते तेव्हा घर खरं रिकामं होतं ते तिचं. 'एवढ्याशा पोराला कशाला शाळा?' या विरोधामागे अनेकदा हेच असतं. वाद घालू नका, डबा आणि न्यायला जाणं तिच्याकडे द्या.

घरात पाऊल टाकताच चौकशी

'आज काय शिकवलं?' 'काही नाही.' मूल खरं तेच सांगतंय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. घरी आल्यावर खायला द्या, झोपू द्या. शाळेत शहाण्यासारखं वागून घरी आल्यावर वरणभातावरून आदळआपट करणारं मूल बिघडलेलं नसतं, दमलेलं असतं. गप्पा रात्री अंथरुणात आपोआप निघतात.

शेजारच्या मुलाशी तुलनाही नकोच. महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे जूनमध्ये एकाच वर्गात कोणी अडीच वर्षांचं असतं, कोणी साडेतीनला टेकलेलं. या वयात एवढा फरक फार मोठा असतो.

'रडतंय' म्हणून सगळंच सोडून देणं

महिना-दीड महिना उलटूनही मूल शाळेत पूर्ण वेळ रडत असेल, डब्याला हात लावत नसेल, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली असेल, तर टीचरशी सविस्तर बोला. एखाद्या ठरावीक माणसाला किंवा जागेलाच ते घाबरत असेल, तर तेवढे दिवसही थांबू नका. त्याच दिवशी शाळेत जाऊन चौकशी करा.

मात्र गणपतीत गावाला जाऊन आल्यावर किंवा पावसाळ्यातल्या तापानंतर रडणं परत सुरू झालं, तर ते नेहमीचं आहे. पुन्हा तोच छोटा निरोप, तोच क्रम. आणि गावाहून रात्रीच्या गाडीने परत आलात तर दुसऱ्याच सकाळी शाळेत पाठवू नका, एक दिवस मध्ये ठेवा.