बफेलो बिलवर लिहिताय? या चुका टाळा

बफेलो बिल म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतला शिकारी, सैन्याचा वाटाड्या आणि पुढे स्वतःचा खेळ गाजवणारा कलावंत. त्याच्यावर मराठीत लिहायला बसलं की पहिली अडचण नावातच येते. ‘बफेलो’ म्हणजे म्हैस असं धरून कित्येक लेखांत त्याला म्हशी मारणारा शिकारी करून टाकलेलं असतं. अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांवर रानम्हशी नव्हत्याच. तिथे होता बायसन, खांद्याशी उंच वशिंड, छातीपर्यंत लोंबणारे दाट केस आणि मागून मात्र सडपातळ. बरं, नुसतं बायसन लिहावं, तर आपल्या वाचकाला राधानगरी-दाजीपूरचा गवा आठवतो, कारण इंग्रज शिकाऱ्यांनी त्यालाही बायसनच म्हटलं. हे दोन वेगळे प्राणी आहेत. पहिल्या उल्लेखात ‘अमेरिकी बायसन’ लिहून वर्णनाची एक ओळ घातली की घोटाळा मिटतो.

माणसाच्या नावातही असाच घोटाळा होतो. आपला बफेलो बिल म्हणजे विल्यम फ्रेडरिक कोडी, जन्म २६ फेब्रुवारी १८४६, आयोवा. मृत्यू १० जानेवारी १९१७, डेन्व्हर. त्याच काळात सॅम्युअल कोडी नावाचाही एक माणूस होता. त्याचं मूळ आडनाव काउडरी. त्याने बिलचं आडनाव उचललं, तसेच लांब केस आणि तशीच दाढी ठेवली, काउबॉयचे खेळ केले, मोठाले पतंग बनवले आणि १९०८ मध्ये ब्रिटनमध्ये विमान उडवलं. दोघांचं रक्ताचं नातं काही नाही. एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर सर्रास फिरतो. फोटोत विमान किंवा मोठा पतंग दिसला, तर तो बिल नव्हे.

आत्मचरित्राला अस्सल कागद समजू नका

आपल्याला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक नव्याने शिकवावा लागत नाही. तोच फरक इथे लावायचा. कोडीचं आत्मचरित्र १८७९ चं आहे. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता आणि १८७२ च्या डिसेंबरपासून रंगभूमीवर स्वतःचीच भूमिका करत होता. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, नेड बंटलाइन नावाच्या लेखकाने त्याला नायक करून एक कथामालिका छापली होती. म्हणजे आत्मचरित्र लिहिलं गेलं तेव्हा तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला कोणता बिल हवा आहे, हे ठरून गेलेलं होतं.

पोनी एक्स्प्रेसचं उदाहरण घ्या. घोडेस्वारांच्या हातून टपाल नेणारी ही सेवा एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ एवढाच काळ चालली. चौदा-पंधरा वर्षांच्या बिलने तिथे एका दमात ३२२ मैल घोडदौड केली, असं तो सांगतो. ३२२ मैल म्हणजे पाचशेहून जास्त किलोमीटर. लहानपणी त्याच मालकांच्या कंपनीत तो निरोप पोचवणारा पोरगा होता, यात शंका नाही. वडील १८५७ मध्ये गेले होते आणि घराला त्याच्या कमाईची गरज होती. पण त्या लांब दौडीला त्या काळातला एकही कागद आधार देत नाही, आणि या विषयात खोल उतरलेले इतिहासकार ती नाकारतात.

इथे बरेच जण एका खड्ड्यात पडतात. ‘कंपनीच्या मालकानेच साक्ष दिली आहे की!’ असं म्हणून ते अलेक्झांडर मेजर्सच्या आठवणी पुढे करतात. त्या आठवणी छापल्या गेल्या १८९३ मध्ये. त्यांना प्रस्तावना कोडीची. संपादक प्रेंटिस इंग्रॅहम, म्हणजे बफेलो बिलवर स्वस्तातल्या कादंबऱ्यांचा रतीब घालणारा लेखक. ही दुसरी साक्ष नव्हेच. पहिलीच गोष्ट दुसऱ्या दारातून घरात आली आहे. एखाद्या दाव्याला चार पुस्तकांचा आधार दिसला, तर आधी बघा की ती चारही एकाच विहिरीतून पाणी काढत नाहीत ना.

आकडा लिहिण्याआधी गुणाकार करा

४,२८० बायसन अठरा महिन्यांत मारले, हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल. अठरा महिन्यांपेक्षा कमी काळ, असं कोडी स्वतःच सांगतो. तोच सांगतो की कॅन्सस पॅसिफिक रेल्वेचा मार्ग टाकणाऱ्या सुमारे १,२०० कामगारांच्या जेवणासाठी रोज बाराएक बायसन लागत आणि त्याचे त्याला महिना ५०० डॉलर मिळत. पण ही नोकरी १८६७ च्या शरद ऋतूत सुरू झाली आणि १८६८ च्या मे महिन्यात काम थांबलं, म्हणजे जेमतेम आठ महिने. आठ महिन्यांचे दिवस २४०, रोजचे बारा धरले तर २,८८०. तोही आकडा प्रचंडच आहे, पण ४,२८० नाही. कागद-पेन्सिल घेतली तर दोन मिनिटांचं काम.

याच आकड्यावरून उलटी चूकही होते. ‘बफेलो बिलने बायसन संपवले’ असं लिहून मोकळं व्हायचं. बायसनचे कोट्यवधींचे कळप संपले ते मुख्यतः १८७० च्या दशकात, चामड्यासाठी. कारखान्यांत ते कातडं कमावण्याची रीत सापडली, रेल्वेने माल पूर्वेकडे न्यायची सोय केली आणि शेकडो व्यावसायिक शिकारी मैदानात उतरले. कोडीची शिकार त्याआधीची आणि मांसासाठीची. त्याला निर्दोष ठरवायचं म्हणून हे सांगत नाही. सगळा दोष एका प्रसिद्ध नावावर टाकला की कातड्याचा बाजार नजरेआड होतो, आणि तोच तर समजून घ्यायला हवा.

एक थाप सापडली म्हणून सगळंच खोटं म्हणू नका

ही चूक हुशार लोक करतात, म्हणून ती जास्त नुकसान करते. पोनी एक्स्प्रेसची दौड खोटी निघाली, मग हा माणूस निव्वळ नाटक्या, असा निकाल ते देतात. पण पाचव्या घोडदळाच्या कागदपत्रांत १८६८ पासून तो वाटाड्या म्हणून दिसतो. अधिकारी त्याच्या कामाची नावानिशी तारीफ करतात. १८७२ मध्ये नेब्रास्कातल्या चकमकीबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकी सैन्याचं शौर्यपदक मिळालं. ते १९१७ मध्ये यादीतून काढलं गेलं हे खरं, पण शौर्य खोटं ठरलं म्हणून नव्हे. तो सैन्यात भरती झालेला शिपाई नव्हता, मुलकी नोकर होता, आणि फेरतपासणीत अशी शेकडो नावं वगळली गेली. १९८९ मध्ये त्याचं पदक कागदोपत्री परत मिळालं. ‘पदक हिसकावून घेतल्याच्या धक्क्याने तो खचला’ असंही काही जण लिहितात. नाव वगळलं गेलं ते फेब्रुवारी १९१७ मध्ये. तो जानेवारीतच वारला होता.

खरं आणि रचलेलं किती घट्ट विणलं गेलं आहे, ते पाहायचं तर १७ जुलै १८७६ ची सकाळ घ्या. तीन आठवड्यांपूर्वी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा आणि शायान या मूलनिवासी जमातींच्या हातून घोडदळाचा अधिकारी कस्टर आणि त्याची माणसं मारली गेली होती. कोडी नाटकाचा हंगाम आटोपून पुन्हा सैन्याबरोबर आला होता. वायव्य नेब्रास्कात वॉरबॉनेट ओढ्याजवळ शायान योद्ध्यांची एक छोटी टोळी समोर आली. त्या दिवशी कोडीच्या अंगावर होता रंगमंचावरचा पोशाख, काळं मखमल, लाल पट्टे, चांदीच्या रंगाची सजावट. चकमक थोडक्यात आटोपली. त्याच्या गोळीने एक शायान पडला आणि कोडीने त्याच्या डोक्याची केसांसकट कातडी काढली. दुसऱ्याच दिवशी बायकोला लिहिलेल्या पत्रात त्याने हे कळवलं. हिवाळ्यापर्यंत तो हाच प्रसंग, त्याच वेशात, नाटकात करून दाखवत होता.

आता यात सुटं काय करायचं? माणूस मेला, कोडीने मारला, कातडी काढली, हे पक्कं. दोन सैन्यांच्या मधोमध आव्हान देऊन झालेलं सुऱ्यांचं द्वंद्व ही नंतरची भर. मारला गेलेला मोठा सरदार होता, हीसुद्धा भर. त्याचं नाव ‘यलो हँड’ नव्हतं, तो चुकीचा अनुवाद आहे. नावाचा अर्थ होता ‘पिवळे केस’. मेलेल्या माणसाचं नाव तरी नीट लिहावं, एवढं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. त्याच कारणासाठी सरसकट ‘रेड इंडियन’ लिहिणं सोडा. शायान, लकोटा, पॉनी असं लिहा. पॉनी लोक तर अनेकदा सैन्याच्या बाजूने लढले. एकच शब्द वापरला की हे सगळं पुसलं जातं.

खेळाबद्दलच्या चुका

१८८३ मध्ये ओमाहाला सुरू झालेला त्याचा ‘वाइल्ड वेस्ट’ हा घोडेस्वारी, नेमबाजी आणि पश्चिमेतल्या लढाया दाखवणारा खेळ म्हणजे सर्कस नव्हे, आणि कोडी स्वतः त्याच्या नावात ‘शो’ हा शब्द येऊ देत नसे. तिथली नेमबाज अॅनी ओकली पश्चिमेची रानमुलगी नव्हती, ती ओहायोची. घोडा भरधाव असताना कोडी हवेत फेकलेले काचेचे गोळे फोडायचा, तेव्हा त्याच्या काडतुसांत एकेक गोळी नसे, बारीक छर्रे असत. काही जण याला लबाडी म्हणतात. समोर हजारो माणसं बसलेली असताना सुटी गोळी झाडली असती तर ती गर्दीतच घुसली असती. आणि छर्रे असले तरी धावत्या घोड्यावरून नेम धरायचा म्हणजे सराव लागतोच.

लकोटांचा पुढारी सिटिंग बुल याच्याबद्दल मात्र जास्त सावध राहा. तो १८८५ च्या एकाच हंगामात, चारेक महिने या खेळात होता. कस्टरचा शेवट रंगवणारा प्रवेश खेळात आला तो त्यानंतर, त्यामुळे त्याने त्यात काम केल्याचं लिहू नका. डिसेंबर १८९० मध्ये पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा कोडीने दिलेला घोडा बारांच्या आवाजाने खेळातल्यासारखा नाचू लागला, ही गोष्ट मनाला चटका लावते. लिहायचीच असेल तर ‘असं सांगतात’ एवढं तरी जोडा. पक्कं आहे ते वेगळंच. काही आठवडे आधी सैन्याच्या जनरल माइल्सने सिटिंग बुलला आणायला कोडीलाच पाठवलं होतं, आणि तो पोचण्याआधी हुकूम फिरवला गेला.

कबरीबद्दलही एक कथा चालते, की वायोमिंगच्या लोकांनी मृतदेह बदलला आणि खरा बिल त्याच्या नावाच्या कोडी गावाजवळ पुरला आहे. ३ जून १९१७ ला कोलोरॅडोतल्या लुकआउट डोंगरावर त्याला पुरलं, तेव्हा शवपेटी उघडी ठेवली होती आणि हजारो लोक रांगेने चेहरा पाहून गेले. १९२१ मध्ये त्याची बायको लुइसा वारली, तिलाही तिथेच, त्याच्याजवळ पुरलं.